ब्रशाले गोड पाणी

वऱ्हाडातल्या घरात ब्रश निवृत्त होत नाही, त्याची फक्त बदली होते. दात घासायच्या ब्रशाचे केस पसरले की त्याला आधी कंगव्यातला मळ काढायला लावतात. तिथून तो मेंदीच्या वाटीत जातो, मग शिलाई मशीनच्या पोटात आणि सगळ्यात शेवटी फटफटीच्या चेनीवर. चेनीवर गेलेला ब्रश परत येत नाही, तिथेच ग्रीसमध्ये देह ठेवतो. दाढीचा ब्रश, पॉलिशचा ब्रश, दिवाळीत चुन्याच्या बादलीत बुडणारा कुंचा, सगळ्यांची कामं ठरलेली. दुसऱ्याची घाण काढणं हे ब्रशाचं काम. त्याची स्वतःची घाण कुणी काढावी, हा प्रश्न आमच्या तेल्हाऱ्यात कुणाला पडला नव्हता.

मग मेकअपचे ब्रश आले.

माझ्या पुतणीनं अकोल्यात पार्लरचा कोर्स केला आणि घराच्या समोरच्या सपरीत पडदा लावून दुकान मांडलं. तिच्याकडे काळ्या रेक्झिनची एक गुंडाळी आहे. दोरी सोडून ती पलंगावर पसरली की कप्प्याकप्प्यांतून ब्रशांची डोकी बाहेर येतात. फाउंडेशनचा वेगळा, कन्सीलरचा वेगळा, गालाचा, नाकाच्या कडेचा, पापणीचा, पापणीच्या वरच्या खळीचा, भुवईचा तिरपा, ओठाचा टोकदार. आजीनं सपरीतल्या बंगईवरून ही गुंडाळी पाहिली आणि एकच वाक्य बोलली, "इतक्या ब्रशात त आख्खं घर रंगवून होते, बाप्पा."

आजीचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. तिच्या काळात चेहऱ्याची सगळी कामं बोटं करायची. एका बोटानं कपाळाला मेण लावायचं आणि दुसऱ्यानं त्यावर कुंकू टेकवायचं. काजळाला करंगळी. १९१९ साली मुंबईत पाटणवालांनी अफगाण स्नो काढली, १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली, तरी खेड्यापाड्यांत ती लावायला तीच बोटं. बोटाचा एक फायदा असा, की ते वेगळं धुवावं लागत नाही. कणीक मळली, भांडी घासली की आपोआप साफ होतं. कणकीत नेमकं काय गेलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

पुरुषांचा मेकअपही बोटांनीच व्हायचा, कारण आमच्याकडच्या दंडार नावाच्या लोकनाट्यात बाईचं काम बाप्येच करायचे. मुर्दाडशिंग नावाचा खडा उगाळून तोंडाला फासायचा. त्यात शिसं असतं हे कुणाला ठाऊक होतं! दंडार संपली की गडी ते तोंड विहिरीवर खंगाळून पहाटे वखरावर हजर. तिकडे जपानात काबुकी नावाचं नाटक आहे, त्यातही बायांची कामं पुरुषच करतात. पुतणीच्या गुंडाळीत जो सगळ्यात गुबगुबीत, आखूड दांड्याचा ब्रश आहे त्याला या नाटकावरूनच काबुकी म्हणतात. दंडारीच्या नावानं अजून कुणी ब्रश काढला नाही. काढला तर तो बोटाच्या आकाराचाच असायला हवा.

जपानचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हिरोशिमाजवळ कुमानो म्हणून गाव आहे, ते ब्रशांवरच जगतं. आधी अक्षर लिहायचे ब्रश, मग चित्रांचे, मग मेकअपचे. जपानात तयार होणारे बहुतेक ब्रश तिथले. २०११ साली जपानच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारनं त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला आणि सोबत प्रत्येकीला कुमानोच्या मेकअप ब्रशांचा संच. पुतणीनं हे मोठ्या अभिमानानं घरात सांगितलं. आपल्याकडे अशा वेळी शाल आणि श्रीफळ देतात. आजी म्हणाली, "नारळ फोडून खाता तरी येते. ह्या ब्रशाचं काय करा?"

काय करा, ते पुढे सगळ्या घराला कळलं. त्याला धुवा.

मेकअपचा ब्रश म्हणजे अधिक महिन्यात सासरी आलेला जावई आहे. त्याला काय चालतं यापेक्षा काय चालत नाही याची यादी मोठी. त्याला उकळतं पाणी चालत नाही. त्याला भिजत ठेवलेलं चालत नाही. पिळलेलं चालत नाही, ऊन चालत नाही, उभा करून वाळवलेला तर अजिबात चालत नाही. त्याच्या मानेभोवती पत्र्याची चकचकीत नळी असते, तिच्या आत केस गोंदानं चिकटवलेले असतात. पाणी त्या नळीत उतरलं की गोंद ढिला पडतो आणि ऐन लग्नात नवरीच्या गालावर ब्रशाचे केस उगवतात. म्हणून धुताना त्याची मुंडी खाली ठेवायची आणि वाळवतानाही खालीच. पुतणी ओट्याच्या कडेला ब्रश आडवे ठेवते, डोकी कडेच्या बाहेर. जागा पुरली नाही तर कपड्यांच्या दोरीवर चिमट्यानं उलटे टांगते. बनियन, टॉवेल, मधे काबुकी, पुन्हा बनियन. शेजारच्या काकू आधी दोरीकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या. आता विचारतात, "आज कोनाचं लगन व्हतं वं?"

ही सगळी पथ्यं ज्यांनी लिहिली ते लोक मे महिन्यात तेल्हाऱ्यात आलेले नाहीत, हे पहिल्याच ओळीत कळतं. पहिली ओळ अशी असते: ब्रश वाहत्या कोमट पाण्याखाली धरा.

आता 'वाहत्या' हा शब्द घ्या. आमच्याकडे पाणी वाहत नाही, भरलं जातं. नळ आले अशी हाळी गल्लीच्या टोकाला ऐकू आली की माणसं हातातलं काम टाकून धावतात, आणि पाण्याचीही एक उतरंड असते. आधी प्यायचे गुंड, मग हंडे, मग स्वयंपाकाचे गंज, मग ड्रम, मग टाकं, मग कूलर. तोवर नळ सूं सूं करायला लागतो. या रांगेत ब्रशाचा नंबर कुठे लावायचा, यावर आमच्या घरात मोठी चर्चा झाली. आजीनं त्याला म्हशीच्या नंतर जागा दिली. म्हैस विकून वर्षं झाली, तरी तिची जागा कायम आहे.

आणि 'कोमट'? गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी एप्रिलपासून जूनपर्यंत कोमट या अवस्थेत कधी नसतंच. दुपारी न्हाणीतला नळ सोडला की त्याखाली ब्रश काय, बटाटा धरला तरी सालं निघतील. पहाटे मात्र ते पाणी बरोबर कोमट असतं, म्हणून पुतणी पाच वाजता उठून ब्रश धुते. तिची आई सांगते की परीक्षेच्या दिवसांतही ही पोरगी पाचला उठली नव्हती.

पण खरी गोष्ट पाण्याच्या तापमानाची नाही, त्याच्या चवीची आहे. तेल्हारा तालुक्याच्या वर सातपुडा आहे आणि खाली पूर्णा नदी. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जो पट्टा पसरला आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, कापसाला राजी. पण विहीर खणली की खारं पाणी. ते पिऊन तहान भागत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लेक द्यायची तर आधी गावचं पाणी विचारायचं आणि मग मुलाची शेती, अशी जुन्या लोकांची पद्धत होती. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडला वान नदीवर धरण झालं, त्याचं नाव हनुमान सागर. तिथलं गोड पाणी पाइपानं शहरांना आणि चौऱ्यांशी खेडी योजनेतून गावांना पोचलं. वानचं पाणी कुणाकुणाला द्यावं यावरून आमच्या भागात आंदोलनं झाली आहेत. मागण्यांच्या निवेदनांत पिण्याचं पाणी होतं, शेतीचं होतं, शहरांचं होतं. ब्रशांचं कुणी लिहिलं नव्हतं.

तर पुतणीनं पहिल्यांदा ब्रश धुतले ते बोअरच्या पाण्यानं आणि अंगाच्या साबणानं. अशा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. ते साबणाला धरून बसतात आणि त्याचा न विरघळणारा पांढरा चोथा करतात. फेस येतच नाही, येतो तो हा चोथा, आणि तो केसाकेसांत अडकून बसतो. वाळल्यावर ब्रश असे ताठ झाले की आजीनं त्यातल्या एकानं जात्याची पाळ झाडून पाहिली आणि पहिल्यांदाच ब्रशाची तारीफ केली.

इलाज शाम्पूत होता. साबणाची जी क्षारांशी फसगत होते ती शाम्पूतल्या रसायनांची होत नाही, जड पाण्यातही ती काम करतात. त्यातही लहान लेकरांचा शाम्पू बरा, कारण तो सौम्य आणि डोळ्यांना न झोंबणारा. तळहातावर थेंबभर घ्यायचा, त्यावर ब्रश गोल गोल फिरवायचा, जसा गालावर फिरवतात तसाच. आता बाजारात यासाठी सिलिकॉनची खाचाखाचांची चकतीही मिळते, पण तळहात काही कमी खरबरीत नसतो, निदान आमच्या भागातल्या बायांचा तर नाहीच. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. वॉटरप्रूफ फाउंडेशन असेल तर मात्र शाम्पूच्या आधी थोडं खोबरेल तेल लावावं लागतं, कारण जे पाण्याला दाद देत नाही ते तेलाला देतं. हे ऐकून आजीनं सरकीच्या तेलाची बाटली पुढे केली. अकोला जिल्ह्यात कापसानं एवढं दिलंय, तर ब्रशालाही द्यावं, असा तिचा हेतू असावा. सरकीचा वास लागलेला ब्रश नवरीच्या नाकाखालून फिरवण्याची हिंमत पुतणीला झाली नाही.

मग आजीनं रिठे काढले.

रिठ्याला जड पाण्याचं भय नसतं. त्यातला फेस साबणाचा नाही, फळाच्या सालीतल्या सॅपोनिनचा. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या बाया पिढ्यान् पिढ्या त्यानंच केस धूत आल्या आणि रेशमी लुगडंही. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याच्या पाण्यात बुडवले तर ब्रश खरोखर मऊ निघाले, विशेषतः बोकडाच्या केसांचे. हो, महागडे ब्रश बोकडाच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. बोकडाचं मऊपण आमच्या भागात आजवर वेगळ्याच अंगानं तपासलं जात होतं. प्राण्याचा केस म्हणजे आपल्याच डोक्यासारखा प्रथिनाचा, त्यामुळे त्याला शाम्पू, रिठा, कधीमधी कंडिशनर सगळं मानवतं. नायलॉनच्या ब्रशाला कंडिशनर लावणं म्हणजे प्लास्टिकच्या बादलीला हळद लावणं. (चित्रकारांचे काही ब्रश मुंगसाच्या केसांचे करतात, तो मात्र वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो असं आजी मानते, तेव्हा या कायद्याला आमच्या घरातून पूर्ण पाठिंबा आहे.)

रिठ्याचा विजय एका लग्नापुरताच टिकला. तो डोळ्यांना जबर झोंबतो, हे ज्याचं डोकं आजीनं धुतलंय त्याला सांगायला नको. पापणीचा ब्रश नीट खंगाळला गेला नव्हता. नवरीनं आरशासमोर बसल्या बसल्या जे डोळे गाळायला सुरुवात केली ते अक्षता पडेपर्यंत. मांडवातल्या बाया हळहळल्या. "माहेरावर केवढी माया वं पोरीची," असं सासूसुद्धा म्हणाली. पाठवणीच्या वेळी डोळे कोरडे पडले होते, पण तोवर जे नाव व्हायचं ते झालं होतं.

धुण्याची ही सगळी खटपट का करायची, याचं उत्तर मोठ्या लोकांनी दिलेलं आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठानं २०१९ साली वापरातल्या मेकअपच्या ४६७ वस्तू तपासल्या. दहातल्या सुमारे नऊ वस्तूंवर जंतू निघाले, त्यांत पोटाचा निकाल लावणारा ई. कोलायही होता. सगळ्यात वाईट गत मेकअप पसरवायच्या स्पंजची, त्यांतल्या ९३ टक्क्यांना कधी पाणीच लागलेलं नव्हतं आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. ही इंग्लंडची गोष्ट, जिथे पाणी गोड आहे आणि नळ उघडला की वाहतं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ सात ते दहा दिवसांतून एकदा ब्रश धुवायला सांगतात. ते एका बाईच्या एका तोंडाबद्दल बोलतात. लग्नात एका ब्रशाला किती तोंडं, हा हिशोब त्यांच्याकडे नाही.

तो आमच्याकडे आहे. नवरी झाली की नवरीची बहीण, मग दोन मावश्या, मग आत्या, मग "मले नुसता हात फिरव वं" म्हणणाऱ्या चुलत काकू. या त्याच बाया आहेत ज्या एकमेकींच्या पेल्याला ओठ लावत नाहीत, वरून धार धरून पाणी पितात. उष्टं म्हणजे उष्टं. पण ओठावरून फिरलेला ब्रश दुसऱ्या ओठावर गेला तर तो उष्टा होत नाही, कारण आपल्या शास्त्रात लिपस्टिकचा उल्लेख नाही. पुतणी दोन तोंडांच्या मधे ब्रशावर सत्तर टक्के अल्कोहोलचा फवारा मारते. सत्तरच का, शंभर का नाही, तर थोडं पाणी असलं की ते जंतूच्या आत शिरतं आणि लगेच उडूनही जात नाही. घराघरात २०२० सालचे सॅनिटायझरचे डबे अजून पडून आहेत, तेही काहींनी तिला आणून दिले. त्यात चिकट पदार्थ असतात, ब्रश गुळाच्या काकवीत बुडवल्यासारखा होतो, म्हणून तिनं ते दाराच्या बिजागरीला वापरले. फवाऱ्यानं जंतू मरतात, पण रंग निघत नाही. तेवढ्यासाठी पाण्याशिवाय गत्यंतर नसतं. फवारा मारल्याचा वास आला की मावशी मात्र नाक वाकडं करते: "ह्या पोरीनं सकाळीच घेतली काय?"

वाळवण्याचं मात्र आम्हाला जगात कुणी शिकवू नये. पुस्तकात लिहितात, ब्रश सावलीत रात्रभर वाळू द्या. आमच्या सावलीत पापड वाळतो. २०२४च्या मे महिन्यात उन्हापायी अकोला जिल्ह्यात एकशेचव्वेचाळीस कलम लावावं लागलं होतं. चार माणसांनी एकत्र उभं राहू नये अशी अवस्था. दोरीवर ब्रश मात्र घोळक्यानं टांगलेले होते आणि दळण आणायला जाऊन येईपर्यंत खणखणीत वाळले. उन्हात तेवढं नेऊ नये. दांड्याचा रंग उडतो, गोंद सुटतो. माझ्या भावानं हुशारी करून ते कूलरसमोर ठेवले. कूलर गार हवा देतो ती ओली करून, तेव्हा ब्रश वाळण्याऐवजी दमट झाले, वर खाऱ्या पाण्याची जी पांढरी खपली कूलरच्या जाळीवर धरते ती त्यांच्याकडे आशेनं पाहत होती. पावसाळ्यात प्रकार उलटा होतो. जुलैत दोरीवर टांगलेला ब्रश दोन दिवस ओलाच राहतो, आणि ओला ब्रश गुंडाळीत घातला की बुरशी धरतो. पण त्याच दिवसांत पत्र्यावरून पडणारं पागोळ्यांचं पाणी फुकट आणि अगदी हलकं असतं, साबणालासुद्धा फेस येतो. आजी त्याखाली पिंप लावते. ब्रशांना त्यातलं तांब्याभर मिळतं, उरलेलं आजीच्या डोक्याला.

उन्हाळ्यात हे पागोळ्यांचं सुख नाही, म्हणून पुतणीनं वीस लिटरचा कॅन ठेवला. वानचा नळ आला की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आधी तो भरते. आजीचा संताप यावरूनच झाला. "माणसाले बोअरचं अन् ब्रशाले धरणाचं! इतक्या लाडानं त मी तुह्या बापालेही नाही धुतलं कधी." बाप जवळच बसला होता. त्यानं पेपर चेहऱ्यासमोर धरला.

मागच्या लग्नसराईत पुतणीला पूर्णेकाठच्या एका गावची ऑर्डर होती. नवरी, दोन करवल्या, एक वरमाय. ती ब्रशांची गुंडाळी, फवारा आणि तो कॅन घेऊन गेली, कारण तिथल्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता. करवल्या झाल्या, आता ब्रश धुवून नवरीला घ्यायचं, एवढ्यात नवरीची मोठी आई खोलीत आली. पलंगावर पसरलेल्या ब्रशांकडे तिनं संशयानं पाहिलं.

"हे ब्रश धुतले काय वं बाई?"

"हो काकू. प्रत्येकीच्या नंतर धुते."

"कायच्या पाण्यानं?"

"वानच्या. हा कॅन आणला न मी सोबत."

मोठ्या आईनं कॅनजवळ जाऊन झाकण उघडलं, ओंजळीत घेतलं, प्यायली. मग दाराबाहेर तोंड काढून आवाज दिला, "ए सुनबाई, मोठा गंज आन. वरबापाच्या चहाचं भागलं!"

पुतणीनं नवरी फवाऱ्यावर काढली. पाहुणे चहाची तारीफ करत होते.